पहाटे तीनची जाग आणि आठ तासांचा हिशेब

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या असून डोंबिवलीला राहतात आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करतात. घर वन-बीएचके आहे. आतली खोली सासूबाईंना आणि बारावीत असलेल्या मुलाच्या अभ्यासाला दिली आहे, तर हे पती-पत्नी हॉलमध्ये झोपतात. पहाटे पावणेपाचला उठून पाणी भरणे, सर्वांचा नाश्ता आणि तीन डबे उरकून त्या सातच्या सुमाराची लोकल पकडतात. ठाण्यात नोकरी करणारे पती नऊनंतर घराबाहेर पडतात. आठ तास झोप व्हावी म्हणून ताई रात्री साडेनऊलाच पाठ टेकतात, पण टीव्ही चालू असतो आणि पावणेअकराच्या आत डोळा लागत नाही. गेल्या सात-आठ महिन्यांपासून तीनच्या सुमारास घामाघूम होऊन जाग येते आणि चार वाजेपर्यंत त्या घड्याळ पाहत पडून राहतात. मुलाने भेट दिलेले स्मार्ट घड्याळ रोज सकाळी ‘गाढ झोप अपुरी’ असे दाखवते. कमी झोपणाऱ्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होतो, असा एक संदेश वाचल्यापासून त्या घाबरल्या आहेत आणि मैत्रिणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी गेल्या महिन्यात त्यांनी अधूनमधून घेतली आहे. रक्तदाबाची गोळी घेणारे पती मात्र पाठ टेकताच घोरू लागतात, याचा त्यांना हेवा वाटतो. त्या विचारतात : आठ तास सलग झोप कशी मिळवू, गोळी चालू ठेवू का, आणि सर्वांना जमते ते मलाच का जमत नाही?

ताई,

तुमच्या पत्रातील वेळा मी कागदावर मांडून पाहिल्या. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडायचे आणि पहाटे पावणेपाचला उठायचे, म्हणजे मधले प्रत्येक मिनिट झोपेत गेले असे मानले तरी बेरीज सव्वासात तासांचीच होते. तुमच्या वेळापत्रकात आठ तास मुळात मावतच नाहीत, आणि तरीही ते पदरात पडत नाहीत म्हणून गेले अनेक महिने तुम्ही स्वतःला दोष देत आहात. म्हणून आठ तास कसे मिळवायचे हे पाहण्याआधी तुम्हाला ते खरोखर हवे आहेत का, हे तपासून घेऊ.

प्रौढ व्यक्तीने नियमितपणे सात किंवा त्याहून अधिक तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्रितपणे केली. तिच्यात आठ तासांची अट नाही. काही माणसांना सात तास पुरतात, काहींना नऊ लागतात, आणि आपल्याला किती पुरते हे दिवसा आपण कसे असतो यावरून बऱ्यापैकी कळते. झोप सलगच हवी, या समजुतीचेही तसेच आहे. आपली झोप साधारण दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते आणि दोन आवर्तनांच्या मध्ये थोडी जाग येणे हा तिच्या नैसर्गिक रचनेचाच भाग आहे; विशीत ती जाग सकाळी आठवत नाही, पन्नाशीच्या आसपास आठवू लागते. शिवाय शरीराला सर्वाधिक विश्रांती देणारी गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात होऊन जाते आणि पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो. त्यामुळे तीन वाजता तुम्हाला जाग येते तेव्हा त्या रात्रीच्या गाढ झोपेचा मोठा भाग तुमच्या हाती आलेला असतो. ‘सगळी रात्र फुकट गेली’ हे तुमच्या पत्रातील वाक्य मला म्हणूनच मान्य नाही.

राहिले मनगटावरचे घड्याळ. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर संवेदक लावून मेंदूचे तरंग, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण नोंदवतात आणि त्यावरून कोणती झोप किती हे ठरते. मनगटी घड्याळाला मुख्यतः हालचाल आणि नाडीचे ठोके कळतात. त्यांवरून एकूण झोपेचा अंदाज बरा येतो, पण गाढ झोपेची मिनिटे सांगण्याच्या बाबतीत ते फारसे विश्वासार्ह नसते. अशा उपकरणांच्या आकड्यांनीच अस्वस्थ होऊन उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांविषयी अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१७ साली लिहिले आणि आदर्श झोपेच्या या ध्यासाला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले. मुलाच्या प्रेमाचा मान राखून घड्याळ दिवसा जरूर वापरा, रात्री मात्र ते कपाटात असू द्या. भिंतीवरचे घड्याळही अंथरुणावरून दिसणार नाही, अशा जागी हलवा.

स्मृतिभ्रंशाच्या संदेशामागे काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांच्या २५ वर्षांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपासून पुढे सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. परंतु दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे सिद्ध होत नाही. मेंदूत वर्षानुवर्षे आधी सुरू झालेला आजारच झोप बिघडवत असेल, हीही शक्यता आहे. अशा अभ्यासातील आकडे हजारो माणसांच्या समूहाविषयी बोलतात. आठ महिने झोप बिघडलेल्या एका व्यक्तीच्या पुढच्या तीस वर्षांचे भाकीत त्यांतून करता येत नाही, आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एवढे बारकावे सांगायला सवड नसते.

भीती कमी करतानाच हेही सांगितले पाहिजे की झोप ही चैन नाही. शिकागो विद्यापीठात १९९९ साली निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची रक्तातील साखर हाताळण्याची क्षमता ठळकपणे खालावली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ सालच्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता इतकी घसरली की काही चाचण्यांत ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या रांगेत जाऊन बसले. त्यातही नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की आपण एवढे मंदावलो आहोत याची त्यांना स्वतःला पुरेशी जाणीव नव्हती. ‘मला पाच तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. सर्दीचे विषाणू मुद्दाम नाकात सोडून २००९ साली केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात, सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ किंवा अधिक तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. रात्रीच्या झोपेत रक्तदाब खाली उतरतो, दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड आवरण्याची ताकद मिळते. शेवटची गोष्ट सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही, सकाळी साडेसहाचे कोणतेही स्वयंपाकघर पुरते.

मात्र यांतील पहिल्या दोन प्रयोगांत माणसांना झोपायला वेळच दिलेला नव्हता. वेळ आहे पण झोप येत नाही, हा निद्रानाश; झोप येईल पण वेळ नाही, ही झोपेची उपासमार. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. माझ्या मते तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र आले आहेत, आणि पत्रात तुम्ही पहिल्याविषयीच लिहिले आहे. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

झोपण्याच्या वेळेविषयी तुमच्या पत्रात दोन पाने आहेत. उठण्याच्या वेळेविषयी एकच वाक्य आहे : ‘पावणेपाचला उठावेच लागते.’ हा ‘च’ कोणी ठरवला? पाणी पाचला येते हे खरे, पण ते भरायला तुम्हीच हव्यात असे कुठे आहे? पती तुमच्यानंतर दोन तासांनी घर सोडतात. मुलगा अठराव्या वर्षात आहे. तीन डब्यांपैकी दोन डबे या दोघांचे आहेत. सासूबाईंचे वय आणि प्रकृती तुम्ही कळवलेली नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी मी काही गृहीत धरत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. आणि असा हात लावणारे पुरुष मुळातच एकूण पुरुषांच्या जेमतेम एक चतुर्थांश होते. तुमची झोप या आकड्यांच्या आत कुठेतरी अडकलेली आहे, आणि श्वसनाचे व्यायाम किंवा दुधातले जायफळ तिला तिथून सोडवू शकणार नाही. घरातल्यांनी मदत नाकारली, असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. कदाचित त्यांना कोणी विचारलेच नसेल. ‘डब्याचे मीच बघते, त्यांना जमत नाही’ हे वाक्य अनेक घरांत एकदा म्हटले जाते आणि मग वीस वर्षे कायद्यासारखे पाळले जाते.

तेव्हा येत्या रविवारी सर्वांना बसवून सरळ मागणी करा. पाणी भरणे आणि सकाळचा नाश्ता पतींकडे द्यावा. टीव्ही चालू असतानाच दुसऱ्या दिवशीची भाजी बाप-लेकांनी निवडून चिरून ठेवावी, कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये जावी आणि आठवड्यातून दोन दिवस पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून याव्यात. या साऱ्यातून पहाटेचा अर्धा तास सुटला तरी उठण्याची वेळ सव्वापाचवर येते. पहिल्या आठवड्यात भाजीचे तुकडे ओबडधोबड निघतील आणि पोह्यांत मीठ जास्त होईल. कृपया दुरुस्तीसाठी उठू नका. हे सारे मागताना ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे खोटे कारण पुढे करण्याचीही गरज नाही, झोप हे पुरेसे कारण आहे.

आता निद्रानाशाकडे वळू. स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते, असे ती सांगते. एक म्हणजे जागेपणी तासागणिक साठत जाणारा झोपेचा दाब, जो मेंदूत वाढत जाणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्याशी निगडित आहे. आणि दुसरे म्हणजे शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ, जे मुख्यतः उजेडावरून आपली वेळ जुळवते. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दाब म्हणजे कुकरमधली वाफ समजा. ती पुरेशी कोंडल्याशिवाय शिटी होत नाही, आणि मध्ये मध्ये झाकण सैल केले तर आणखी उशीर होतो. साडेनऊला पुरेसा दाब नसताना तुम्ही पडता, परतीच्या गाडीत डोंबिवली येईपर्यंत लागलेली डुलकी त्यातला काही दाब आधीच काढून घेते आणि रविवारची दोन-तीन तासांची झोप सोमवारच्या रात्रीची उसनवारी करते. मग अंथरुणावर सव्वा तास तळमळणे होते, आणि रोज तळमळून शरीराला सवय लागते की गादी ही जागे राहण्याची आणि चिंता करण्याची जागा आहे.

यावर सर्वाधिक तपासलेला उपाय ऐकायला उलटा वाटतो : अंथरुणावरचा वेळ कमी करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली तो पद्धतशीर मांडला. उठण्याची वेळ सव्वापाच ठरली असेल, तर सातही दिवस तीच ठेवा आणि पहिले दोन आठवडे अकराच्या आत पाठ टेकू नका. यातून सव्वासहा तास मिळतात. त्यांपैकी पाच तास वीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की निजण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा आणि ती आठवडाभर टिकली की आणखी पंधरा मिनिटांनी. असे करत सव्वादहापर्यंत पोहोचलात की अंथरुणावरचा वेळ सात तासांचा होईल आणि त्यातला बराचसा खरोखर झोपेत जाऊ लागेल. सकाळी उठल्यावर अंदाजाने दोन ओळी वहीत लिहिल्या की हिशेब पुरतो, मिनिटांचा काटेकोरपणा नको. पहिला आठवडा त्रासाचा जाईल, दिवसा पेंग येईल, जिना उतरताना आणि गाडीत चढताना जपावे लागेल. वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्या, अपस्माराचा किंवा उन्माद-नैराश्याच्या चक्रांचा आजार असणाऱ्या वाचकांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

टीव्ही दहाला बंद होणे ही मागणीही रविवारच्या यादीत घाला. दहा ते अकरा या तासात मोबाइल पाहावा का, असे अनेकजण विचारतात. पडद्याच्या निळ्या उजेडाची जेवढी चर्चा होते त्या मानाने त्याचा परिणाम माफक आहे, असे माझे मत आहे; झोप उडवतो तो पडद्यावरचा मजकूर, आणि तुमच्या बाबतीत तर तो स्मृतिभ्रंशाचाच होता. त्याऐवजी गरम पाण्याने अंघोळ करून पाहा. झोप येण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि तास-दीड तास आधीच्या गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर पडायला मदत होते. दुसऱ्या दिवशीची कामेही याच वेळी कागदावर उतरवा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात, निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली.

तीन वाजता जाग आली तर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितलेला नियम आजही उपचारांच्या केंद्रस्थानी आहे : साधारण वीस मिनिटे झाली असे वाटले की अंथरूण सोडायचे आणि पेंग आली की परत यायचे. पुस्तकांत ‘दुसऱ्या खोलीत जा’ असे लिहिलेले असते, आणि ते लिहिणाऱ्यांनी वन-बीएचके पाहिलेले नसते. तुमच्यासाठी दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे खुर्ची ठेवा, ओट्यावरचा मोठा दिवा न लावता मंद दिवा लावा आणि पूर्वी वाचलेले, उत्सुकता न वाढवणारे काहीतरी वाचा किंवा नुसत्या बसा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. ‘उठलेच आहे तर मटकी उपसून ठेवते, ओटा पुसून घेते’ हा मोह तुम्हाला होणारच, आणि तेवढे काम झाले की सकाळ हलकीही वाटेल. पण मग जागे होण्याला रोज बक्षीस मिळू लागेल आणि शरीर त्या वेळेला नेमाने उठवू लागेल. रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात कोणतेही उपयोगी काम करायचे नाही, असा नियमच करा. घड्याळ पाहून ‘आता पावणेदोन तासच उरले’ असा हिशेबही करायचा नाही, कारण तो हिशेबच माणसाला पूर्ण जागे करतो.

लहानसहान गोष्टी पटकन सांगतो. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला सर्वसाधारणपणे पाच ते सहा तास लागतात, त्यामुळे घरी आल्यावर साडेसातला घेतलेला चहा मध्यरात्रीही तुमच्यासोबत असतो. शेवटचा चहा दुपारी तीनचा असू द्या. संध्याकाळी हवी असते ती पाच मिनिटांची बैठक, आणि ती कोकम सरबतावरही होते. सकाळच्या गाडीतली छोटी डुलकी चालेल, परतीच्या गाडीतली नको. बसायला तिघांच्या बाकाच्या कडेची चौथी सीटच मिळत असेल तर तो प्रश्न आपोआप सुटतो. रविवारी दुपारी वामकुक्षी जरूर करा, पण गजर लावून, तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत. सकाळी स्थानकावर छपराबाहेर, उजेडात उभ्या राहिलात तर आतले घड्याळ जुळायला मदत होते. दुधात चिमूटभर जायफळ घ्यायला हरकत नाही; त्याच्या गुणाचा भक्कम पुरावा नाही आणि जास्त प्रमाणात ते विषारी ठरते, एवढे लक्षात ठेवावे.

सात-आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेला घाम मात्र मला या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण वर-खाली होते. त्यातून अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, मध्यरात्री घामाने जाग येणे आणि कारणाशिवाय जीव घाबरणे हे पुष्कळ स्त्रियांना अनुभवावे लागते. पाळीचे अंतर बदलले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘झोप येत नाही’ असे न म्हणता ‘घामाने जाग येते’ असे स्पष्ट सांगा. यावर संप्रेरकांचे आणि संप्रेरकांशिवायचेही उपचार उपलब्ध आहेत, ते कोणाला चालतात आणि कोणाला नाहीत हे तपासूनच ठरवावे लागते. थायरॉइड आणि रक्तातील लोह हेही पाहून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले, आणि लोह कमी असले की रात्री पायांत वळवळ होऊन झोप मोडू शकते. घामासोबत बारीक ताप येत असेल, खोकला असेल किंवा वजन घटत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि ज्यांचा तुम्हाला हेवा वाटतो, त्या पतींविषयी. पाठ टेकताच झोप लागणे हे नेहमीच निरोगी झोपेचे लक्षण नसते, पुष्कळदा ते झोपेच्या थकबाकीचे असते. मोठ्याने घोरणे आणि वाढलेला रक्तदाब या दोन गोष्टी एकत्र असतील, तर झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची तपासणी करायला हवी. या आजारात घशाचा मार्ग वारंवार बंद होतो, श्वास काही सेकंद थांबतो आणि मेंदू प्रत्येक वेळी माणसाला अर्धवट जागे करतो. त्याला स्वतःला ते आठवत नाही, शेजारच्या माणसाला मात्र ऐकू येते. तुम्ही रात्री जाग्या असताच, तर त्यांचे घोरणे मध्येच थांबून मग गुदमरल्यासारखा आवाज येतो का, याकडे लक्ष द्या. एवढे एकच निरीक्षण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. तपासणीची काही यंत्रे आता घरी आणूनही लावता येतात. हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणले आणि तेव्हापासून हा आजार चांगल्यापैकी आटोक्यात ठेवता येतो. त्यांचे घोरणे कमी झाले तर तुमच्याही रात्री सुधारतील. मुलाला जाता जाता एवढेच सांगा की बारावीचा अभ्यास रात्री एकपर्यंत रेटून सहाला उठण्यात तोटा आहे, कारण वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतच होते आणि त्याच्या वयात आठ तास खरोखर लागतात.

गोळीचे उत्तर मी शेवटी ठेवले, कारण आधीचे सगळे समजल्यावर ते सोपे होते. मैत्रिणीची गोळी परत करा. अशा गोळ्या बहुधा बेंझोडायझेपिन गटातल्या असतात. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर कधीकधी त्या देतात, परंतु त्यांची सवय लागते, काही आठवड्यांत तोच डोस अपुरा वाटू लागतो, आणि अर्धवट झोपेत उठून पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या माणसाला पडण्याचा धोकाही असतो. तुम्ही अधूनमधून घेतली असल्याने थांबवणे कठीण जाऊ नये. जे वाचक त्या रोज आणि बराच काळ घेत आहेत त्यांनी मात्र एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवावा. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार औषधाचा नसावा, वर्तनात आणि विचारांत बदल घडवणाऱ्या पद्धतीचा असावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली केली. वर सांगितलेले वेळ कमी करण्याचे आणि अंथरूण सोडण्याचे नियम हे त्याच पद्धतीचे भाग आहेत. ती शिकवणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुंबईत आणि ठाण्यात भेटतात, साधारण सहा ते आठ बैठकी लागतात. मन सतत खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर झोपेचा प्रश्न त्याचाही भाग असू शकतो. अशा वेळी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या, पतींच्या तपासणीचीही लगोलग ठरवा. रात्री अकरा ते पहाटे सव्वापाचचा प्रयोग घरातली कामे वाटून झाल्यानंतरच सुरू करा, आधी नको. नाहीतर कामे तेवढीच राहतील आणि झोपेचा वेळ मात्र आणखी कमी होईल. दोन आठवड्यांच्या नोंदींची वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. सहा आठवडे नीट पाळूनही फरक पडला नाही, तर त्या वहीतली पाने मला पाठवा.